फुलपात्रातलं पाणी

नावं मी बदलली आहेत, गावं नाही. का बदलली ते पुढं येईल, आणि तिथपर्यंत कोणी वाचलं नाही तरी मला वाईट वाटायचं नाही. बत्तीस वर्षं पांढुर्ण्याच्या शाळेत मुलींना शिकवलं आहे मी. अर्ध्यावर पुस्तक मिटणारी माणसं मला नवी नाहीत.

आमच्या सौंसरात माझ्या वयाच्या एखाद्या बाईला तिच्या जन्माचं विचारा. ती सांगेल, "माझी आई म्हणे, मी चार मण्यांवर झाली." बाहेरगावच्या माणसाला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. ते मणी मार्थाबाईंच्या माळेचे. मार्थाबाई आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं. एक मणी म्हणजे येशूच्या आईची, मरियाबाईची एक प्रार्थना. बाळंतिणीची कळ ओसरली की माळ हातात घ्यायच्या आणि पुढची कळ आली की बोट थांबवायच्या. मध्ये तीस मणी गेले तर, "चहा ठेवा बाप्पा, अजून लय टाइम हाय." दहावर आलं की पदर खोचायच्या. चारवर आल्यावर कोणाशी बोलत नसत. गावातल्या सासवा ओसरीवरून ओरडून विचारत, "सून किती मण्यांवर आली वो?" कुणबी, तेली, भोयर, मारवाडी, आम्ही मास्तरलोक, सगळे त्या माळेवर मोजून जन्माला आलो, आणि त्या प्रार्थनेतला एक शब्द कोणाला येत नव्हता.

बाई ठेंगण्या, सावळ्या. पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री आणि पत्र्याची पेटी. घरात पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी पाणी तापवा, मंग रडा." बाळंतिणीचा नवरा दारात घुटमळत असला की त्याला लाकडं फोडायला लावायच्या. लाकडं असली तरी लावायच्या. "त्याचे हात रिकामे राहिले तं तो मलेच विचारत बसते," म्हणायच्या. पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेला पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवायची असते, ते घरच्या बाया विसरल्या तर ह्याच आठवण द्यायच्या. सटवाईवर त्यांचा विश्वास नव्हता. पण बाईच्या मनात खुटखुट राहिली तर दूध उतरत नाही, यावर होता.

आणि खोटं बोलत नसत. हे लोक मेलेल्या माणसाबद्दल उगाच म्हणतात तसं मी म्हणत नाही. बोरगावकडच्या एका मालगुजाराचा नातू मूळ नक्षत्रावर जन्मला. दहा मिनिटं आधी झाला असता तर सुटला असता. मालगुजारानं नवं लुगडं पुढं ठेवून म्हटलं, "बाई, जोशीबुवाला दहा मिनिटं अलीकडची वेळ सांगा, तुमचं काय जाते?" बाई म्हणाल्या, "गाडीची शिट्टी झाली, त्याच्यावर वीस मणी गेले, मंग पोट्टा झाला. माह्या तोंडून दुसरी येळ निघणार नाई. लुगडं सुनेले द्या, मेहनत तिनं केली." मालगुजाराला शेवटी नक्षत्राची शांत करावी लागली, ब्राह्मणभोजनासकट. आमच्या अख्ख्या गावच्या पत्रिका एका कॅथलिक बाईच्या शब्दावर मांडलेल्या आहेत, हे आता कोणाला सांगितलं तर पटत नाही.

त्यांचं स्वतःचं मूळ कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. मोठ्या दुष्काळात कोणीतरी त्यांना नागपूरच्या सिस्टरांच्या दारात ठेवून गेलं होतं. पोट पाठीला लागलेलं, डोळे फिरलेले. मरणार म्हणून एका सिस्टरनं घाईघाईनं डोक्यावर पाणी टाकून बाप्तिस्मा दिला आणि मार्था नाव ठेवलं. मेल्या नाहीत. तिथंच वाढल्या, नर्सिंग शिकल्या, रामाकोना स्टेशनवरच्या जोसेफ सांधेवाल्याशी लग्न झालं. जोसेफ लवकर गेला, त्याची कबर रामाकोन्यालाच. एक मुलगा, अंतोन. त्याला बाईंनी एकटीनं शिकवलं आणि नागपूरच्या सचिवालयात कारकून केलं.

सौंसरला चर्च नव्हतं. महिन्यातून एका रविवारी बाई पहाटेच्या छोट्या गाडीनं नागपूरला मिस्सेला जायच्या. मिस्सेत ती पातळ पांढरी भाकर जिभेवर घ्यायची, तर आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. पाणीसुद्धा नाही. मे महिन्यातली ती गाडी, खिडकीतून कोळशाची कणी येते, ओठ तडकतात. माझी आई चिडायची. "देव काय घोट मोजत बसला आहे का?"

"तो नाई मोजत," बाई हसायच्या, "मी मोजतो."

माझ्या आईची आणि त्यांची मैत्री अशी चिडून बोलण्याची होती. आई हेडमास्तरांची बायको, पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, सोवळ्याओवळ्यातली. तरी मार्थाबाई नागपूरहून परतल्या की स्टेशनवरून सरळ आमच्या मागच्या पडवीत यायच्या आणि आई त्यांच्यापुढं सोललेली संत्री ठेवायची. त्या दिवशी बाईंचा चेहरा बघण्यासारखा असे. बारशाहून आलेल्या बाईसारख्या खुशीत असत, नागपूरच्या गप्पा सांगत, आईची नक्कल करत.

निमी झाली तेव्हा स्वराज्य येऊन पाचेक महिने झाले होते. संक्रांतीनंतरची दुपार. मी नऊ वर्षांची. निमी माझी धाकटी बहीण, सातव्या महिन्यातली. आईच्या कळा एकदम चार मण्यांवरच आल्या. बाईंना माळ काढायलाही सवड मिळाली नाही. मी मागच्या पडवीत शेगडीला वारा घालत बसले होते. बाई आतून फडक्यात काहीतरी घेऊन बाहेर आल्या. निळसर, एवढंसं, आवाज नाही. त्यांनी त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या दिल्या, तोंडानं फुंकर घातली. काही नाही. मग त्यांनी पाण्याच्या गुंडातून फुलपात्र भरलं आणि त्या डोक्यावर तीनदा थोडं थोडं पाणी टाकलं, काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं, आंघोळ घालून राहिल्या. त्यानंतर पुन्हा फुंकर, पुन्हा थापट्या, आणि ते रडलं. मांजराच्या पिल्लानं करावा तेवढाच आवाज. बाईंनी वर पाहिलं तर मी समोर. त्या मला "सांगू नको" म्हणाल्या नाहीत. "निखारे आन, पोट्टे, पाहत काय बसली?" एवढंच म्हणाल्या.

जिनातून आणलेल्या सरकी काढलेल्या कापसात निमीला गुंडाळलं, दोन्हीकडून गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. एकवीस दिवस बाई दवाखाना सांभाळून आमच्याकडे राहिल्या. आई पुढं कित्येक वर्षं म्हणायची, जन्म मी दिला, जगवलं मार्थाबाईंनी. पुढं एक दिवस ते म्हणणं बंद झालं.

त्यानंतर बाई बदलल्या. बदलल्या हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या वेळी एवढंच दिसे, की नागपूरहून येताना पूर्वीची खुशी नसायची. उपाशी जायच्या आणि उपाशीच परत यायच्या. आईनं विचारलं तर, "आता वय झालं," म्हणायच्या. पन्नाशीही नव्हती तेव्हा. निमीला मात्र रोज बघायला यायच्या. तिच्या कपाळावर अंगठ्यानं हळूच काहीतरी काढायच्या आणि लगेच तिथलेच केस सारखे करायच्या.

निमी सहा-सात वर्षांची असताना गावात कुजबुज उठली. एका घरचं दोन दिवसांचं मूल गेलं होतं. त्याच्या आजीनं सांगितलं, नर्सबाईनं मरत्या लेकराच्या टाळूवर पाणी टाकलं, पुटपुटली, मी डोळ्यानं पाहिलं. तेव्हा हवाच तशी होती, कोण कोणाला बाटवतो याच्याच गोष्टी. मग आणखी दोघींना आठवलं. नर्सबाईला इथून हलवा म्हणून अर्ज लिहिला गेला आणि सह्यांसाठी बाबांच्या शाळेच्या पटांगणात बाजाराच्या दिवशी सभा बोलावली. सभेत सगळे पुरुष. बाबा अध्यक्ष म्हणून बसलेले, त्यांना कोणाच्याच विरुद्ध बोलता येईना. मार्थाबाईंना बोलावलं होतं. त्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या.

तेव्हा माझी आई निमीला हाताला धरून आत आली. बाबांसमोर परक्या माणसांशी मोठ्यानं न बोललेली बाई ती. ती म्हणाली, "माझी पोरगी ह्यांच्या हातात झाली. मरायला टेकली होती. ह्या बाईला बाटवायचंच असतं तर माझ्यापासून सुरुवात केली असती. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते मी, मार्थाबाईंनी असलं काही केलं नाही आणि करणार नाहीत." आणि तिनं निमीच्या डोक्यावर हात ठेवला. भांगाच्या वर, टाळूवर.

मी खिडकीत होते. पंधरा वर्षांची झाले होते, आता मला सगळं समजत होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात लुगड्याच्या ओच्यात, माळेवर होता, पण बोट हलत नव्हतं. त्या बोलतील असं मला वाटलं. त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. हेडमास्तरांच्या बायकोनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवल्यावर कोण काय म्हणणार? अर्ज तिथंच फाडला. आईनं बाईंचा हात धरून घरी नेलं आणि पोहे केले. बाईंनी खाल्ले नाहीत. पोट बिघडलं आहे म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि मी ओळखलेलं हे पहिलं खोटं.

मग राज्यं वाटली गेली. आमच्या बाजूला आठवडाभर लोक नकाशे घेऊन भांडत होते. पांढुर्ण्याचे माझे मामा म्हणायचे, आपण मराठी माणसं, आपण नागपुरासोबत जाणार. गेलो नाही. नोव्हेंबरात सकाळी उठलो तर नागपूर परराज्य झालेलं आणि आमची राजधानी भोपाळ, जिथं गावातलं कोणी कधी गेलं नव्हतं. संत्री तेवढी पूर्वीसारखीच नागपूरच्या बाजारात जात राहिली. बाबांच्या शाळेला हिंदीतून पत्रं येऊ लागली आणि बाबा ती चष्मा काढून, पुन्हा घालून वाचायचे. सचिवालयातल्या कारकुनांचीही वाटणी झाली. अंतोनच्या वाट्याला मुंबई आली. आईची नोकरी आता संपतच आली आहे, ती सोबत येईल, असं त्यानं ठरवलं. बायकोला आणि तीन-चार वर्षांच्या लिलीला घेऊन तो सौंसरला न्यायला आला. बाईंनी रजा टाकली, पेटी भरली, भांडी वाटून दिली.

निघायच्या दिवशी सकाळी त्या आमच्या मागच्या पडवीत आल्या. निमी शाळेत गेली होती. आई सुपात संत्र्याच्या साली वाळत घालत होती. मी आत भिंतीला टेकून बसले होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"मास्तरीणबाई, निमी झाली त्या दिवशी मी तिच्या डोक्यावर पाणी टाकलं होतं."

"कसलं पाणी?"

"बाप्तिस्मा दिला. ती जाऊन राहिली होती वो. माह्या हातात जाऊन राहिली होती."

सुपाचा आवाज थांबला.

"आमच्यात मरतं लेकरू तसं नाई पाठवत. माह्यावर बी कोन्या सिस्टरनं असंच टाकलं, मले कोनी विचारलं नाई. त्या दुसऱ्या लेकराइच्या डोक्यावर बी टाकलं, ते खरं हाय. ते गेले बिचारे. निमी गेली असती तं मी तुम्हाले कधी सांगतलं नसतं, आन् मले झोप बी लागली असती. ती जगली, तिथं घोटाळा झाला. आता ती आमची बी हाय. फादरले सांगतलं तं वहीत तिचं नाव चढते, मंग ते तुमच्या दारी येतील, पोरीले चर्चात पाठवा म्हनतील. म्हनून मी त्याइले सांगतलं नाई. कोनालेच नाई."

आईनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पाणी टाकलं ते एक वेळ समजू शकते मी. पण मी हात ठेवला तेव्हा? गावच्या पुरुषांसमोर मी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, आणि तुम्ही दारात उभ्या राहून पाहत होत्या?"

"भेव लागलं."

"मला नव्हतं लागलं?"

"लागलं असन."

"जा तुम्ही, मार्थाबाई. गाडी चुकेल. आणि पुन्हा माझ्या उंबऱ्यात येऊ नका."

त्या गेल्या. पण गाडीत बसल्या नाहीत. हे मला पुढं लिलीनं सांगितलं, तिला आठवणारी ती पहिली गोष्ट. अंतोननं सामान डब्यात चढवलं होतं. गार्डनं हिरवा झेंडा दाखवल्यावर आजीनं आपली पत्र्याची पेटी ओढून खाली घेतली आणि प्लॅटफॉर्मवर उभी राहिली. अंतोन डब्यातून ओरडला, "आई, तुझं इथं कोण आहे?" बाई म्हणाल्या, "हाय एक. तिची जबाबदारी माह्यी हाय." एकुलता एक मुलगा, नातीचा हात खिडकीतून बाहेर, आणि ही बाई एका परक्या पोरीसाठी मागं राहिली. अंतोननं तीन वर्षं पत्र टाकलं नाही. मला त्याचा राग येत नाही, मीही टाकलं नसतं.

उरलेली नोकरी संपल्यावर बाई रामाकोन्याला गेल्या, स्टेशनजवळच्या एका खोलीत. लिली मे महिन्यात यायची. तिला आजी लाडावून ठेवत नसे. एकदा मिस्सेला जाताना पोरीनं गाडीत चोरून संत्र्याची फोड खाल्ली आणि नाही म्हणाली, तर मुस्काटात बसली. "खाल्लं तं खाल्लं म्हन. न सांगतलेलं पोटात राह्यलं ना, तं जेवन गोड लागत नाई जलमभर." पोर रडली आणि मग आजीही रडली, तेव्हा पोर घाबरून गप्प झाली. पुढं रोमहून उपासाचा नियम सैल झाला, तासाभराचा उपास पुरे म्हणाले. बाईंनी सैल केला नाही.

दर वर्षी संक्रांतीनंतर, निमीच्या वाढदिवसाला, त्या सौंसरला यायच्या. आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे निंबाचं झाड आहे, त्याच्याखाली छत्री घेऊन उभ्या राहायच्या. निमी शाळेला निघाली की तिच्याकडे पाहायच्या, ओठ हलायचे, आणि परत जायच्या. आई त्या दिवशी मुद्दाम पुढचं दार उघडं ठेवायची, ओटा झाडायची आणि वर बघायची नाही. दार बंद केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला दर वर्षी वाटायचं. निमीच्या लग्नातही त्या निंबाखाली होत्या. वरात निघाली, अक्षता संपल्या, आईचा एक शब्द गेला नाही पलीकडे. बाबा वारले ते ह्यातलं काही न कळता वारले. ह्या घरात ते मला माहीत होतं आणि आईला, आणि आम्ही दोघी एकमेकींशी त्यावर कधी बोललो नाही.

मग एका दिवाळीनंतर लिली आमच्याकडे आली. आता ती नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती, अगदी आजीचा बांधा. निमी माहेरपणाला आली होती, ती आत होती. आई ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत होती.

"मावशी," लिली म्हणाली, "आजी आता जास्त दिवस नाही राहत. कालपासून तुमचं नाव घेऊन राहिली. फादर येऊन बसले आहेत, पण ती तोंडच उघडत नाही. कम्युनियनची भाकर घेत नाही."

"आजारपणात नसेल गिळवत."

"तसं नाही. तिनं घेतलेलं मी जन्मात पाहिलं नाही. दर महिन्याला उपाशी जायची, मागच्या बाकावर बसायची, लोक रांगेत गेले तरी उठायची नाही, उपाशीच परत. मी विचारलं तर म्हणायची, माह्याजवळ एक न सांगतलेलं हाय; ते सांगतल्याबिगर घेता येत नाई, आन् ते मी सांगणार नाई."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कधीपासून घेत नव्हत्या?"

"बाबा म्हणायचे, स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षापासून."

आई उठली. शेंगा सांडल्या त्या तिनं उचलल्या नाहीत. आत जाऊन फुलपात्र घासलं, तांब्यात पाणी घेतलं, अंगणातली तुळशीची दोन पानं तोडून पदराच्या गाठीला बांधली. "चला," म्हणाली. "निमीलाही घ्या."

रामाकोन्याच्या बसमध्ये मी निमीला सगळं सांगितलं. सांगायला हवं होतं ते मी किती तरी वर्षं आधी. पाणी, सभा, पडवी, प्लॅटफॉर्म. निमी खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ती निंबाखालची बाई?" निमीच्या सासरी हे आजही माहीत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, पण चांगल्या माणसांची परीक्षा कशाला घ्या? म्हणून नावं बदलली.

खोलीबाहेर खुर्चीवर एक तरुण फादर बसले होते, दक्षिणेकडचे, हिंदी बोलणारे. हातातला चहा गार झालेला. आत बाजेवर मार्थाबाई. आधीच लहान, आता पांघरुणाखाली आहेत की नाहीत कळेना. माळ मनगटाला गुंडाळलेली. तीस वर्षांनी आई त्यांच्या समोर बसत होती. नमस्कार नाही, काही नाही. तिनं फुलपात्रात पाणी ओतलं, त्यात तुळशीचं पान बुडवलं आणि ते थेंब बाईंच्या ओठांत सोडले. आमच्यात मरत्या माणसाला तसं देतात.

"मावशी, हे काय—" लिली पुढं झाली.

बाईंनी ते गिळलं. डोळे उघडले. आईला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"आधी विचारावं लागते वो, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या.

"हो," आई म्हणाली. "लागतं." आणि तिचा आवाज फुटला. माझी आई रडताना मी तेवढंच पाहिलं. "मास्तर गेले तेव्हासुद्धा नाही रडले मी. काय केलंत हे मार्थाबाई, इतकी वर्षं? मला एका शब्दानं सांगता नव्हतं येत, की याच्यापायी मी उपाशी राहून राहिली? बोलवा त्या फादरला. सांगा. लिहू द्या वहीत."

बाईंनी मान हलवली. "माह्या हातात नाई. तुमच्याबी नाई. पोरीले विचारा."

आम्ही तिघींनी निमीकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई, कपाळावर कुंकू. मला वाटलं होतं ती रडेल. ती संतापली.

"आता विचारून राहिल्या? एकीनं पाणी टाकलं, एकीनं हात ठेवून शपथा घेतल्या, आणि ही ताई, हिनं दोन्ही पाहिलं आणि तोंड शिवून बसली. डोकं माझं होतं ना? अडतीस वर्षांत कोणाला वाटलं नाही, हिला एकदा विचारावं?"

निमी वळली आणि बाहेर गेली. मला वाटलं, गेली बसस्टँडवर. मी तिच्या मागं उठणार, तेवढ्यात बाहेरून तिचा आवाज आला. शाळेत भांडायची तसाच, कोरडा आणि स्पष्ट.

"फादर, कागज है? मेरा नाम लिखिए. निर्मला. पानी इन्होंने डाला था, जिस दिन मैं पैदा हुई."

फादरांनी हळू आवाजात काही विचारलं.

"नहीं, मुझे कुछ नहीं चाहिए. मैं जो हूँ, वही रहूँगी. आप बस लिखिए और अंदर जाइए. वो अड़तीस साल से भूखी है."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग फादर आत आले. आई बाजेवरून उठली आणि फुलपात्र पदराखाली धरून भिंतीशी उभी राहिली. लिलीनं आजीची मान हातावर घेतली. निमी आत आली नाही, उंबऱ्यावर थांबली, आमच्याकडे पाठ करून.

मार्थाबाईंनी तिच्या पाठीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.